सहा वर्षांनी परत आलेला लाडवांचा डबा

भास, संकेत, असलं काही मी मानत नाही हो. माझ्या जाऊबाई पाल चुकचुकली तरी त्यातून अर्थ काढायच्या आणि मी त्यांना हसायचे. म्हणून हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण नात म्हणाली, "आजी, इथे लोक काय काय लिहितात, तू तर डबासुद्धा दाखवू शकतेस!" म्हटलं, बरं... लिहिते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही मूळचे निपाणीकडचे. हे बेंगळुरूला एका कारखान्यात टर्नर, बिऱ्हाड राजाजीनगरात. ह्यांच्या हातात कसब फार, पण दारूपायी तोच हात लेथवर थरथरायला लागला. आमची सहा वर्षांची सुमी वडिलांच्या सायकलची घंटी ऐकली की कॉटखाली शिरायची. ते मला बघवेना. एका रविवारी सकाळी ट्रंक भरली आणि सांगितलं, "मी सुमीला घेऊन माहेरी चालले. परत येणार नाही."

ह्यांनी ट्रंक उचलली आणि बसपर्यंत पोचवायला निघाले.

वाटेत एक शाळा होती, तिच्या मागे कौलारू खोली. गेटवर पुठ्ठा, त्यावर इंग्रजीत काहीतरी. हे थांबले. दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय?"

"दारू सुटत नसेल तर आत या, म्हणतात. दर रविवारी दहाला." मग हळूच, "तुझी बस चुकेल..."

"चुकू दे," मी म्हटलं. कशी म्हटलं, देव जाणे!

आत चार माणसं गोल बसलेली. पाचवा खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभा. दाराजवळ नेमक्या तीन खुर्च्या मोकळ्या.

"या वहिनी, स्वल्प बसा!" पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ कानडी वळणाने म्हणाले. नाव डिसोझा, बेळगाव कॅम्पातले. सहा वर्षं थेंब घेतला नव्हता.

"मला एक दिवससुद्धा जमत नाही," हे म्हणाले.

"दिवस कोण मागतंय? दुपारच्या जेवणापर्यंत थांबा. जेवलात की रात्रीच्या जेवणापर्यंत. मी असाच जेवत जेवत इथवर आलो... पोट बघा माझं!"

सगळे हसले. हेही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. खिडकीतल्या माणसाची पाठही गदगदत होती, पण तो काही वळला नाही. माझं लक्ष मात्र त्याच्या पांढऱ्या कॉलरवर — निळ्या दोऱ्याने शिवलेली! काय वेंधळी बायको असेल ह्याची, असं तशातही मनात आलं.

ट्रंक घरी परत आली. डबा मात्र त्या खुर्चीवरच राहिला. आईचा पितळी डबा, तिचं नाव कोरलेला, प्रवासासाठी केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेला.

पुढचे तीन आठवडे हे जेवणापासून जेवणापर्यंत थांबत राहिले. तलफ आली की म्हणायचे, "पान मांड!" मी दिवसातून चार-चारदा पानं मांडली. बैठकीला जायचं नाव काढलं की, "जमतंय ना मला?" शेवटी मीच म्हटलं, "तुम्हाला जमतंय हो, पण माझा डबा?"

गेलो. दाराला कुलूप. एक काळ्या केसांचा माणूस किल्ली लावू बघत होता आणि हात असे कापत होते की किल्ली आत जाईना. चेहरा पाहिला... डिसोझाच!

"तुम्ही ओळखता मला?" ते गोंधळले. "पुठ्ठा आत्ताच लावलाय. आज पहिलीच बैठक आहे इथे."

"अहो, तुम्हाला दारू सोडून सहा वर्षं झाली ना?"

"दोन दिवस, वहिनी. तिसरा निघेल असं वाटत नाही."

ह्यांनी त्यांच्या हातातून किल्ली घेतली. एका झटक्यात कुलूप उघडलं, हात जराही हलला नाही. आत बोटभर धूळ. डब्याचा पत्ता नाही. ह्यांनी खुर्ची पुसली, डिसोझांना बसवलं आणि म्हणाले, "दिवस कोण मागतंय? दुपारच्या जेवणापर्यंत थांबा..."

डिसोझांनी ते कागदावर लिहून घेतलं!

मग रविवारमागून रविवार गेले. माणसं आली, काही टिकली. डिसोझांचे केस पिकले, पोट सुटलं. हे कॉलर ताठ करून सांगायचे, "मी ह्या बैठकीपेक्षा एकवीस दिवसांनी मोठा!"

सहा वर्षांनी असाच एक रविवार. मी बाहेर व्हरांड्यात कॉफी गाळत होते. हे वाऱ्यासाठी खिडकीशी आले, गजांतून मला म्हणाले, "जास्त कर गं आज." तेवढ्यात आतून डिसोझांचा आवाज आला, "या वहिनी, स्वल्प बसा!"

वहिनी? मी तर बाहेर होते.

आणि मला आठवलं. पांढरा दोरा संपला म्हणून ह्यांच्या कॉलरला सकाळी मीच निळ्या दोऱ्याने टाके घातले होते.

"अहो, वळू नका."

"का गं?"

"वळू नका म्हणते ना!"

ह्यांच्या मागून आवाज आला, "मला एक दिवससुद्धा जमत नाही." ह्यांचाच आवाज, सहा वर्षांपूर्वीचा. ह्यांनी गज घट्ट धरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण वळले नाहीत. ह्यांच्या खांद्याआड मला आतलं काहीच दिसत नव्हतं.

थोड्या वेळाने डिसोझा बाहेर आले. चेहरा पांढराफटक. हातात पितळी डबा. त्यावर माझ्या आईचं नाव.

हे गेले तोवर दारूला शिवले नाहीत. सुमीच्या लग्नात उभे राहिले, नातीला सायकल शिकवली. ह्यांच्या सायकलची घंटी वाजली की नात दाराकडे धावायची. त्या रविवारी काय घडलं, ते मला आजही सांगता येत नाही. सुमीला विचारलं तर तिला फक्त "ते पोट दाखवणारे आजोबा" आठवतात.

एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगते. शेंगदाण्याचा लाडू महिन्याभरात खवट होतो. सहा वर्षांनी तो डबा उघडला तेव्हा वेलचीचा वास घमघमला. पहिला लाडू ह्यांनी खाल्ला.

म्हणाले, "जेवणापर्यंत पुरेल."