काळाचौकीला नेलेलं शौर्यपदक

विमान खाली उतरू लागलं आणि खिडकीतून मुंबईचा समुद्र दिसला. मी झडप लावून घेतली. समुद्र बघायची मला आता मुळीच हौस नाही.

मांडीवरच्या पिशवीत ऑस्ट्रेलियाचं नागरिकांसाठीचं सगळ्यांत मोठं शौर्यपदक होतं, महेश परबचं. मेलबर्नला आमच्या मागच्या खोलीत तो बरीच वर्षं भाड्याने राहिला, तिथलाच नागरिक झाला. गेल्या वर्षी समुद्राने ओढून नेलेली दोन मुलं त्याने बाहेर काढली, तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेला आणि आलाच नाही. तो तिसरा पोरगा लाटेबरोबर आपसूक, जिवंत, वाळूवर येऊन पडला. समारंभात पदक माझ्या हातात दिलं गेलं, ते त्याच्या आईला द्यायला मी निघाले होते. मी मूळची नागपूरची, त्यामुळे मुंबई मला परगावच.

महेशचा धाकटा भाऊ प्रशांत मला दादरला एका जुन्या खाणावळीत भेटला. त्याने न विचारता कोथिंबीर वडी आणि पियूष (केशर घातलेलं, श्रीखंडाच्या चवीचं पेय) मागवलं. वडी झकास होती. दुसरी उचलणार तोच तो म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहिलं. आईला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"महेश गेल्याचं."

मी ताटली बाजूला सारली. गेल्या वर्षी माझा नवरा अस्थी घेऊन आला, तेव्हा प्रशांतने त्याला विमानतळावरूनच का परत पाठवलं ते आत्ता समजलं.

"तेव्हा आईची बायपास झाली होती. डॉक्टर म्हणाले, थोडं थांबा. मग आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष गेलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि हे पदक?"

"ते तिला मिळू दे ना. फक्त... त्याला मिळालं म्हणायचं. सुट्टी नव्हती म्हणून तुमच्याबरोबर पाठवलं."

मी तडकले. "अरे, वेडबिड लागलंय का तुला? मी आलेय सांत्वनाला!" शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. प्रशांत मान खाली घालून वडीचे तुकडे करत बसला. मला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दया आल्याचा आणखी राग आला.

लालबागला टॅक्सीच्या खिडकीतून भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा आत आला. इथे मसाल्याची दुकानं ओळीने आहेत. मी शिंकून बेजार झाले आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते बरंच झालं. काळाचौकीला टॅक्सीवाला चुकून मागच्या गल्लीत शिरला. तिथे गणपती मंडळाचा ऊन खाऊन फिकटलेला फलक होता : 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो ढब्बू, महेशचा एवढासा.

"आई तीन मजले उतरत नाही," प्रशांत म्हणाला, "तरी पोरांनी मुद्दाम इकडे लावला. खिडकीतून दिसायला नको."

वळसा घालून पुढच्या गल्लीत आलो, तर तिथे कोराकरकरीत फलक : 'हार्दिक अभिनंदन'. पुढारी तेच. महेशचा फोटोही तोच.

आई दारातच होत्या. पांढरी साडी, जाड चष्मा, तरी समोरचं माणूस अंदाजानेच ओळखायच्या. "इलंस गो बाय?" (आलीस का गं?) असं म्हणून त्यांनी माझा चेहरा चाचपला. "कसो आसा माझो झील (मुलगा)? वेळेर जेवता मा?"

सगळी चाळ गॅलरीत उभी होती. कुणी माझ्याकडे बघेना.

"जेवतो," मी म्हटलं.

पदक त्यांनी दोन्ही हातांनी चाचपलं, देवापुढे ठेवलं, हळदकुंकू लावलं. मग म्हणाल्या, "फोन लाव त्येका."

प्रशांत "रेंज नाही इथे" म्हणत जिना उतरून गेला. थोड्या वेळाने आईंचा साधा फोन वाजला. दोघा भावांचा आवाज एकच, शेजारीसुद्धा फसायचे म्हणे. दर रविवारी हे असंच चालतं, हे मला शेजारणीने कानात सांगितलं. मी उठून जिन्यात गेले. खालच्या वळणावर प्रशांत भिंतीकडे तोंड करून उभा होता. वरून आईंचा आवाज स्पष्ट येत होता.

"मेडल मिळाला, बरा झाला. पण परत पाण्यात उडी मारू नको. लोकांची पोरां लोक बघतले. माका तू होयो (मला तू हवास). माझी शपथ घे."

प्रशांतचं कपाळ भिंतीला टेकलेलं.

"घेतंस मा रे?"

"तुझी शपथ, आई," तो म्हणाला. "परत नाही जाणार पाण्यात."

वर आईंनी पेढे काढले. सगळ्या चाळीने एकेक पेढा घेतला, तोंडात घातला, गोड आहे म्हटलं. मीही म्हटलं. निघताना आईंनी पेढ्यांचा एक डबा माझ्या पिशवीत कोंबला. "महेशाक दी."

दुसऱ्या दिवशी प्रशांत मला वाळकेश्वरला बाणगंगेवर घेऊन गेला. हिरवट पाणी, उतरत्या पायऱ्या, बदकं. भावाचे दिवस त्याने इथे एकट्याने केले, घरी ऑफिसचं काम सांगून. गुळगुळीत डोक्यावर आईचा हात फिरला तेव्हा 'उकडतंय' म्हणाला. "मी अजून रडलेलो नाही, ताई," तो म्हणाला. "घरी रडायची सोय नाही, आणि बाहेर माणूस कुठे रडणार?" त्याची बाजू घ्यावीशी वाटली नाही आणि त्याला दोष द्यायलाही जीभ रेटेना.

मेलबर्नला उतरले. दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत हा नियम मला पाठ आहे, तरी डबा वाटेत टाकवला नव्हता. तपासणीवरच्या तरुण अधिकाऱ्याने तो उघडला.

"कुणासाठी?"

"तुमच्या देशाने ज्याला शौर्यपदक दिलं, त्याच्यासाठी. त्याच्या आईने पाठवलेत."

तो ओशाळला, पण नियम तो नियम. डबा त्याने जप्त वस्तूंच्या पिवळ्या पेटीत टाकला आणि मनापासून म्हणाला, "माझ्यातर्फे त्याचं अभिनंदन करा."

इथे कुणाची आई ऐकत नव्हती. कुणाचं हृदय जपायचं नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं.