डिस्चार्जचं बटण

ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरते. आमच्या हॉस्पिटलात वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर एकाच लॉगिनवर काम करायच्या, इन्चार्ज सिस्टरच्या. पेशंट सांभाळायचे की दरवेळी पासवर्ड टाकत बसायचं? माझंही लॉगिन होतं, पण मी ते कधी उघडलंच नव्हतं.

मग मोठ्या साहेबाले शिस्तीचा झटका आला. ज्यानं त्यानं आपल्याच लॉगिननं काम करावं, असा हुकूम निघाला. इन्चार्जचा पासवर्डही बदलवला. अन् कॉम्प्युटरवाल्यानं पाहिलं, आमच्या लॉगिनवरून कधीच कोणाले डिस्चार्ज दिला नाही. म्हणून ते बटणच आमच्या स्क्रीनवरून काढून टाकलं, फक्त इन्चार्जकडे ठेवलं. वा रे अक्कल!

दुसऱ्याच दिवशी कुही गावाकडची एक म्हातारी घरी जाणार होती. डॉक्टरनं हात टेकले होते, डिस्चार्जच्या कागदावर सही केली होती. "मले माझ्या अंगणात मरू दे वं माय," एवढंच ती सकाळपासून म्हणून राहिली होती. तिचा लेक खाली गाडी लावून तयार. पण कॉम्प्युटरवर डिस्चार्ज झाल्याबिगर गेट पास निघत नाही, अन् गेट पासबिगर गार्ड पेशंटले सोडत नाही.

इन्चार्ज उमरेडले लग्नात, फोन लागेना. कॉम्प्युटरवाला म्हणे मेल टाका, साहेबाची मंजुरी आली की बटण देतो. साहेब मीटिंगमध्ये. मी गार्डपाशी गेली, हात जोडले, मग भांडली. त्याले नोकरीची भीती. वर येऊन पुन्हा कॉम्प्युटरवाल्याले फोन लावला.

"बाई मरून राहिली गा इथं, अन् तू मले मेल टाक म्हणतं?"

"मॅडम, प्रोसेस आहे," तो म्हणाला.

आग लागो त्या प्रोसेसले! मेल टाकला. लेक घडीघडी दारात येऊन माझ्या तोंडाकडे पाहे, अन् मले त्याच्याकडे पाहवेना. म्हातारीनं बोलणं बंद केलं. दुपारी माझा हात धरूनच ती गेली, वॉर्डातल्या त्या लोखंडी पलंगावर.

नोंद करायले मी कॉम्प्युटरपुढं बसली. मृत्यूचं बटण माझ्या स्क्रीनवर होतं. ते सगळ्यांनाच दिलं होतं, त्याले कोणाची मंजुरी लागत नव्हती. मी ते दाबलं. गेट पास लगेच निघाला, अन् मी तो तिच्या लेकाच्या हातात दिला.