लाजायचं त्यानं

"आजी, लाजायचं त्यानं, तुम्ही नाही." माझ्या छातीतल्या क्यान्सरकडं बोट करून ती पोर असं बोलायची, आनि आधी खाटंभवतीचा पडदा ओढून घ्यायची. कधी विसरली न्हाय.

क्यान्सरच्या हॉस्पिटलात ती डाक्टर व्हती, पन औषध देनारी न्हाय, शोधनारी. तुम्ही बघितली असती तर कालेजातली पोर म्हनाला असता. आपरेशन झालं की गाठीचा तुकडा तिला अभ्यासाला पायजे व्हता, तेच इचाराया आली. माझा जन्म भिवंडीत कापडाच्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरन्यात गेला हे कळलं, तशी खाटंवरच बसली.

"कांडी मशीनला तेल नाही दिलं तर?"

"गंज खाईल, दुसरं काय!"

"गाठीचं तसंच. ती लोखंड फार खाते. त्यानंच आतून गंजून मरेल, पण अंगाला तेल लावत बसते. ते तेल तोडायचं औषध शोधतोय आम्ही. माणसांना अजून देत नाही."

मी ऐकलं फकस्त लोखंड. वाटलं, लोखंड पाजलं की गाठ गंजून मरंल, सुटले, आता कुनाला अंग दाखवाया नको. घरी विळा ग्यासवर लाल करायची, पान्यात विझवायची, ते पानी प्यायची. आमच्यात अशक्त बाईला देत्यात. सुनेपासनं गाठ लपवली, सांगितलं, कंबर दुखते. आपरेशनची तारीख गेली. गाठ फुटली, वास सुटला. सून ताट लांबून सरकवाया लागली. तिचा राग न्हाय, माझीच मला लाज.

पत्ता काढून ती पोर रिक्षानं दारात आली. मी विळा दाखवला. आधी हसली, मंग उंबऱ्यावरच बसली.

"चूक माझी, आजी. नीट सांगितलं नाही मी."

त्याच रिक्षानं घेऊन गेली. आपरेशन झालं, तुकडा दिला.

पुढं एकदा आली ती मान खाली घालूनच. "तुमच्या तुकड्यातली गाठ काचेच्या ताटलीत मेली, आजी. आमच्या औषधानं."

"मंग दे की मला!"

"नाही देता येत. अजून किती वर्षं लागतील, माहीत नाही."

तवर माझं दुखनं फुफ्फुसात उतरलं व्हतं. तिला ठावं व्हतं. चपलांकडं बघत रडाया लागली. मी तिचा हात धरून माझ्या सपाट छातीवर ठेवला.

"लाजायचं त्यानं, पोरी. तू न्हाय."

आता ती त्याच कामासाठी लांबच्या देशात गेली. दुसरी डाक्टरीन तपासते. चांगली हाय, पन पडदा विसरते. मीच उठून ओढते.