काठावरचा घोडा

चष्मेवाल्या काकांनी बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या चालींवर पुस्तक लिहिलं आणि एका मासिकाने त्याची पार चिरफाड केली. 'चौथ्या प्रकरणात घोडा चाल न खेळताच पटाच्या मधोमध कसा उगवतो?' असं परीक्षकाने विचारलं होतं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सडेतोड उत्तर द्यायचं म्हणून ते खिडकीशी चौथ्या प्रकरणाचा डाव मांडून बसले. दुपारचं ऊन सोंगट्यांवरून हळूहळू सरकत होतं. बघता बघता त्यांची तंद्री लागली. पट तळ्यासारखा हलू लागला आणि घोडा काठावर पाणी पीत उभा राहिला. तेवढ्यात काकू फडकं घेऊन आल्या आणि टेबल पुसता पुसता त्यांनी तो अलगद आत सरकवला.

"हे काय केलंस?"

"अहो, कडेला होता, पडला असता. मी रोजच सरकवते. तुम्ही पुस्तक लिहीत होता तेव्हाही."

काकांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी परीक्षकाला लिहिलं, 'टीका रास्त आहे. ती चाल आमच्या मंडळींची. पण घोडा कडेला ठेवू नये, हे मीच पहिल्या प्रकरणात सांगितलंय. माझा सल्ला पाळणारं एवढं एकच माणूस मला आजवर भेटलं आहे.'