दोन धर्मकाट्यांच्या पावत्या

रोज सकाळी कचऱ्याची गाडी तांडापेठेतल्या गल्लीत वळली, की तुळजाबाई सोनकुसरे बादली घेऊन दारात उभ्या असायच्या. बादली रिकामी झाली तरी त्या लगेच आत जात नसत. गाडीवाल्याला विचारायच्या, "कुठं चालली गा?" तो म्हणायचा, "भांडेवाडीच्या डेपोले, आजी." मग मान हलवून त्या आत जायच्या. एकदा त्यानं गमतीनं "सिनेमाले" असं सांगितलं, तर तुळजाबाईंनी कचरा परत मागितला.

विणकरांच्या सहकारी संस्थेत त्यांनी सव्वीस वर्षं सुताचं गोदाम सांभाळलं. विणकराला सूत द्यायचं ते तोलून, आणि त्याच्याकडून कापड परत घ्यायचं तेही तोलून. मधलं थोडं छाटणीत जातं, खळीत वाढतं, त्याचा अंदाज हाताला असतो. त्यापलीकडे फरक पडला तर विणकराला बसवून चहा द्यायचा आणि शांतपणे विचारायचं. आवाज चढवायचा नाही. तुळजाबाई म्हणायच्या, घाई केली की माणूस खोटं बोलतो. चहा संपेपर्यंत थांबलं की खरं आपोआप येतं.

हातमाग थांबले, संस्था नावापुरती उरली. गोदामाला लागून असलेल्या शेडमध्ये वाळवी लागलेले माग, फुटकी कौलं आणि पडक्या भिंतीचा मलबा साठला. चांगले माग आधीच उमरेडच्या विणकरांनी नेले होते. अशी ती शेड बरीच वर्षं उंदरांच्या ताब्यात होती.

शेजारची प्रीती तेव्हा तलाठी भरतीचा अभ्यास करत होती. घरात दोन खोल्या, माणसं सात. ती जिन्याखाली बसून वाचायची, आणि वर कोणी चढलं की पुस्तकावर माती पडायची. तुळजाबाईंनी ते पाहिलं आणि संस्थेच्या सभेत म्हणाल्या, शेडची अभ्यासिका करू. सगळ्यांनी हात वर केले. धरमपेठेतल्या एका ट्रस्टनं टेबलं, खुर्च्या आणि पंखे द्यायचं कबूल केलं. अट एकच: महिनाअखेरपर्यंत शेड रिकामी करायची, आणि तिथला मलबा योग्य जागी पोहोचल्याचा पुरावा द्यायचा. नाही जमलं तर सामान दुसऱ्या मोहल्ल्यात जाणार होतं.

संस्थेचे अध्यक्ष गोपाळराव दुसऱ्याच दिवशी एक टिप्परवाला घेऊन आले. ओळखीचा माणूस, फोनवर बोलत बोलतच शेडमध्ये शिरला आणि म्हणाला, दोन फेऱ्यांत साफ करतो. तुळजाबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि कागद मागितले. गाडीचं आरसी बुक. विमा. चालवणाऱ्याचं लायसन. मलबा वाहण्यासाठीचं महापालिकेचं परवानगीपत्र. मजुरांना लागलं-खरचटलं तर काय, त्याचा कागद. काय काय नेणार आणि कुठं टाकणार, हे लिहून सही.

टिप्परवाला हसला. "आजी, कचरा फेकायचा आहे का पोरीचं लग्न जमवायचं आहे?"

"लग्नात कुठं कोणी इतकं विचारते गा," तुळजाबाई म्हणाल्या, "म्हणून तर मागून रडत बसते."

तो परत आला नाही. गोपाळराव चिडले. कचऱ्याला कसली जात, कसला दाखला, असं म्हणत दोन दिवस ते त्यांच्याशी बोलले नाहीत. पण तुळजाबाईंच्या या हट्टामागे एक जुनी गोष्ट होती, ती त्यांनाही ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी संस्थेची जुनी रद्दी आणि मोडतोड अशाच एका गाडीवाल्याला दिली होती. त्यानं ती नाल्याच्या काठावर ओतली. रद्दीतल्या रजिस्टरांवर संस्थेचं नाव होतं, त्यामुळे नोटीस संस्थेला आली. गाडीवाला कोण, त्याचा नंबर काय, कुणालाच सांगता येईना. गाडीला "हो" म्हणणारी सही तुळजाबाईंची होती. सव्वीस वर्षांत एक तोळा सूत इकडचं तिकडे न होऊ दिलेल्या बाईला बाजारात लोक विचारायचे, काय मावशी, नाल्यात काय विणून राहिल्या?

मग कन्हानहून नागसेन आला. तिशीचा, कमी बोलणारा, वडील लहानूजींची गाडी चालवणारा. कागदांची फाईल त्यानं न मागता पुढे केली. तुळजाबाईंनी चष्मा पुसला आणि एकेक कागद उजेडात धरून वाचला. सगळं जागच्या जागी होतं. फक्त विमा चार दिवसांपूर्वी संपला होता.

गोपाळराव म्हणाले, चार दिवसांनी काय होते. तुळजाबाई नागसेनला म्हणाल्या, विमा भरून ये, आम्ही थांबतो. महिना संपायला तेव्हा नऊ दिवस होते. प्रीती रोज येऊन शेडच्या कुलपाकडे पाहून जायची. तिसऱ्या दिवशी नागसेन नवा कागद घेऊन आला आणि काम सुरू झालं.

पद्धत तुळजाबाईंनी ठरवली. भरलेली गाडी आधी नाक्यावरच्या धर्मकाट्यावर तोलायची, तिथली पावती घ्यायची. मग महापालिकेच्या मलबा केंद्रावर त्यांच्या काट्याची पावती घ्यायची. दोन्ही जुळल्या पाहिजेत. सोबत गोपाळराव केबिनमध्ये बसतील.

"म्हणजे कचऱ्याचंही सूत केलं तुम्ही," गोपाळराव म्हणाले.

पहिल्या दोन फेऱ्या जुळल्या. दहा-पंधरा किलोचा फरक, तो डिझेलचा आणि रस्त्यात सांडलेल्या मातीचा. तिसऱ्या फेरीची दुसरी पावती मात्र एक क्विंटल ऐंशी किलोनं कमी होती.

तुळजाबाईंनी दोन्ही पावत्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. नागसेन समोर उभा होता, गोपाळराव बाजूला बसले होते. त्यानं त्या पाहिल्या आणि मान खाली घातली. दिवस दोन उरले होते. पावत्या न जुळता ट्रस्टकडे गेल्या, तर मधला मलबा कुठं गेला हे कोणीही विचारणार होतं. आणि नागसेनचं नाव त्या कागदावर होतं, त्याला पुढचं काम कोण देणार होतं? प्रीती दारात थांबली होती.

तुळजाबाईंनी तिला चहा ठेवायला सांगितलं.

नागसेननं कप हातात घेतला, पण प्यायला नाही. त्यांनी विचारलं, रस्त्यात गाडी कुठं थांबली होती का? तो म्हणाला, थांबली होती. कुठं, ते सांगेना. पुन्हा विचारलं, तर एवढंच म्हणाला, की मोठ्या माणसानं हात जोडले होते, आजी, मी काय बोलू.

गोपाळरावांचा चहा तेवढ्यात संपला. त्यांनी कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"तो माझ्या बापाचा माग होता, तुळजाबाई," ते म्हणाले. "वाळवी लागली तरी काय झालं? मलब्यात कसा टाकू? तुमच्या समोर उतरवता येईना. सभेत हात तर मीच वर केला होता. म्हणून काट्यावरून पुढं गेलो आणि घराजवळ गाडी थांबवली. याले म्हटलं, बोलू नको."

ज्यांना कचऱ्याच्या कागदांचा सगळ्यात जास्त वैताग होता, त्यांच्याच ओसरीवर एक क्विंटल ऐंशी किलो कचरा उभा होता. प्रीतीला हसू आवरेना. मग नागसेनही हसला आणि त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला.

तुळजाबाई हसल्या नाहीत. गोपाळरावांची नजर अजून जमिनीवर होती, आणि विणकराच्या घरात मागाला दसऱ्याला हळदकुंकू लागतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कोरा कागद काढला. संस्थेच्या शेडमधील एक जुना लाकडी माग अध्यक्षांना घरी ठेवण्यास दिला, तो मलब्यात धरू नये, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग नागसेनला म्हणाल्या, गाडी काढ, माग चढव आणि एकदा काट्यावरून नेऊन आण.

"आता पुन्हा काट्यावर?" गोपाळरावांनी विचारलं.

"काहून? बापाचा माग आहे म्हणता ना," त्या म्हणाल्या. "मग त्याचं वजन खरं असू द्या."

चौघांनी मिळून तो चढवला आणि तोलून पुन्हा ओसरीवर उतरवला. मागाचं वजन धरल्यावर तिसऱ्या फेरीचा फरक अकरा किलोवर आला. ट्रस्टचे लोक आले, त्यांनी पावत्या लावून पाहिल्या, तो कागद दोनदा वाचला आणि एक प्रत मागून घेतली. नागसेनला त्याच आठवड्यात त्यांच्या ओळखीतलं आणखी एक काम मिळालं. गोपाळरावांच्या ओसरीवर माग अजून आहे. त्यांची सून त्यावर गोधड्या वाळत घालते आणि ते रोज काढायला लावतात.

अभ्यासिका ठरल्या दिवशी उघडली. प्रीतीची निवड पहिल्या फेरीत झाली नाही, दुसऱ्या वेळी झाली. तोवर तिथं सतरा मुली येऊ लागल्या होत्या. तुळजाबाई संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि आत कुणी मोठ्यानं बोललं तर नुसतं वळून पाहायच्या.

गेल्या पौषात त्या गेल्या. आजार दोनच दिवसांचा. त्याआधीच्या संध्याकाळी त्या दाराशीच होत्या, शाल पांघरून. प्रीती ड्यूटीवरून येऊन त्यांच्याशेजारी टेकली. आत पंखे बंद होते, पानं उलटल्याचा आवाज येत होता. तुळजाबाईंनी थोडा वेळ तो ऐकला आणि म्हणाल्या,

"आतल्या पोरींले विचारून ये वं, चहा कोणाकोणाले पाह्यजे."