भिंतीपलीकडचा आवाज

समोरच्या गच्चीवर गंजक्या अँटेनावर कावळा बसलाय. आमच्या छपरावरही असाच अँटेना होता. आमच्याकडे केबल नव्हती, पण शेजारच्या कुसुमकाकूंची केबल कशी कोण जाणे त्यात झिरपायची. पडद्यावर नुसत्या मुंग्या, त्यांतून पुसट चेहरे, आणि आवाज अजिबात नाही.

नळावरच्या भांडणापासून काकू आणि आई बोलत नव्हत्या. तरी मालिका लागली की भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज चढायचा.

“बहिऱ्या झाल्या की काय?” बाबा वैतागायचे.

“माझ्यासाठी वाढवतात हो,” आई म्हणायची.

पुढे आम्हीही केबल घेतली. चित्र लख्ख, आवाज खणखणीत. भिंत मात्र गप्प झाली. तारेवाचून येत होतं, ते तार जोडल्यावर थांबलं. आईने आमच्या टीव्हीचा आवाज कमी करत करत पार बंद केला आणि भिंतीकडे कान देऊन बसून राहिली.