सोळा पावलांवरच्या सासूबाई

आमच्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं दुकानात पासपोर्ट फोटो काढले. मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. दुकान बंद केल्यावर आम्ही त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि स्वारी जी सुटली ती सुटलीच. माझ्या नवऱ्याला गच्चीच्या टोकाला उभं करून फोटोत त्याला सासूबाईंच्या चिमटीत धरलं. मला, घरच्या सुनेला, चहाच्या कपात बसवलं! सासूबाई पाण्याची टाकी बोटावर तोलायच्या आणि पोट धरून हसायच्या.

पण सगळं खुर्चीत बसूनच. त्यांचा पाय मोडला होता, जुळलाही होता. डॉक्टर म्हणाले, आता चाला, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल. पण बाईंच्या मनात भीती जी बसली ती उठायला तयार नाही. वॉकर सोडा म्हटलं की चेहरा एवढासा व्हायचा. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विनवलं, मी तर चांगली भांडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी त्याच म्हणाल्या, तळहातावरच्या फोडासारखं जपतो म्हणता ना, मग घ्या बघू मला तळहातावर. बाबा म्हणाले, त्यासाठी लांब जावं लागेल, जवळचं माणूस हातात मावत नाही. वॉकर टेकत टेकत सासूबाई पार कठड्यापाशी गेल्या. सोळा पावलं, मी मोजली. बाबांनी डावा तळहात पुढे धरला, उजव्या हातात मोबाइल, एक डोळा बारीक.

"वॉकर मध्ये येतोय. बाजूला ठेव."

त्यांनी कुरकुरत ठेवला, पण कठडा घट्ट धरला.

"हात सोड. आणि हसू नकोस."

हे मेलं सवयीनं बाबांच्या तोंडातून गेलं. झालं, बाई खदखदून हसत सुटल्या. कशी दिसतेय दाखवा, म्हणत तरातरा निघाल्या. वॉकर तिथेच! मी धरायला धावणार, तेवढ्यात बाबांनी डोळ्यांनीच मला दटावलं. तळहात तसाच पुढे, अंगठा बटणावर चालूच.

अकरा फोटो निघाले. पहिल्यात सासूबाई बोटभर, तळहातावर ऐटीत उभ्या. सहाव्यात डोकं बोटांच्या वर गेलेलं. दहाव्यात तळहात त्यांच्या पदराआड. शेवटच्यात नुसतं नाक, तेही हललेलं, कारण बाबांचे डोळे भरून आले होते आणि मोबाइल धरलेल्या हातानेच ते पुसायला गेले.

"पस्तीस वर्षं फोटो काढले," सासूबाई म्हणाल्या, "आणि साधा मोबाइल धरता येत नाही?"